जर, तर आणि अन्यथा

रेवसच्या धक्क्यावर उभें राहून “करंजास जाणारी होडी किती वाजतां सुटेल?” असें विचारलें, तर वेळापत्रकांतला आंकडा सांगून मोकळा होणारा मनुष्य भेटेलच असें नाहीं. “पाणी चढलें तर अर्ध्या तासांत,” “वारा पडला तर लगेच,” अशा प्रकारचें उत्तर कानीं येण्याचा संभव अधिक. मुंबईच्या लोकलगाडीची संवय झालेल्या माणसास हें उत्तर टाळाटाळीचें वाटतें. परंतु थोडा विचार केल्यास असें दिसून येईल कीं, खाडीच्या कांठीं ह्याहून नेमकें उत्तर देतांच येत नाहीं. भरतीची वेळ रोज सुमारें पन्नास मिनिटांनीं पुढें सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण येतें, अष्टमीच्या सुमारास भांग असतो. आणि ओहोटी पुरी लागली म्हणजे कांठचा चिखल उघडा पडतो. अशा ठिकाणीं घड्याळापेक्षां ‘जर-तर’च अधिक खरें बोलतें.

धरमतरची खाडी जेथें समुद्रास मिळते तेथें अलीकडे रेवस आणि पलीकडे करंजा. पाण्यावरून पाहिलें तर समोरचीं झाडें ओळखूं यावीं एवढेंच अंतर. जमिनीवरून जावयाचें तर पेणकडून मोठा वळसा. करंजा हें नांव एके काळीं उरणच्या सबंध बेटासच होतें, आणि जुन्या सरकारी दप्तरांत तें पनवेल तालुक्याच्या पोटांत घातलेलें आढळतें. आज करंजा म्हटलें म्हणजे द्रोणागिरीचा डोंगर, द्रोणागिरी देवीचें देऊळ आणि कोळी बांधवांच्या होड्यांनीं गजबजलेलें बंदर, एवढें डोळ्यांपुढें उभें राहतें. आमच्या कुटुंबांतील मंडळी वर्षांतून एकदां रेवसहून खाडी ओलांडून ह्या देवीच्या दर्शनास जातात. गेल्या खेपेस त्या प्रवासासाठीं मीं एक छोटेंसें वेबपान तयार केलें, आणि त्यांतील एका ‘अन्यथा’नें आमच्या आत्याबाईंस भर उन्हांत पायीं चालावयास लावलें. ती हकीकत पुढें येईलच. तत्पूर्वीं हें ‘जर-तर’ यंत्राला कसें शिकवितात, तें सांगणें प्राप्त आहे. कारण हल्लीं पुष्कळ सुशिक्षित घरांत कोणी ना कोणी मुलगा किंवा मुलगी वेबपानें करावयास शिकत असते, आणि तें काय चाललें आहे हें वडील माणसांस थोडें तरी ठाऊक असावें.

नुसतें वेबपान हें छापील कागदासारखें असतें. त्यावर जें लिहिलें असेल तें तें दाखवितें. वाचणारा कोण, वेळ कोणती, पाऊस कीं ऊन, ह्याची त्यास दादफिर्याद नसते. त्यास निवड करण्याची शक्ति द्यावयाची तर दुसऱ्या एका भाषेची जोड द्यावी लागते. त्या भाषेचें नांव जावास्क्रिप्ट. ब्रेंडन आइक नांवाच्या गृहस्थानें नेटस्केप कंपनींत असतांना १९९५ सालीं तिचा पहिला खर्डा अवघ्या दहा दिवसांत तयार केला. एवढ्या घाईनें जन्मलेल्या ह्या अपत्याच्या कांहीं खोडी अजून गेल्या नाहींत. त्यांपैकीं दोन-तीन खोडींची गांठ आपणांस ह्या लेखांतच पडणार आहे. तिच्यासाठीं विकत कांहीं घ्यावें लागत नाहीं. घरांतल्या कोणत्याही संगणकावरील ब्राउझरास ती उपजतच येते. साध्या मजकुराच्या फाइलींत चार ओळी लिहून ती फाइल ब्राउझरमध्यें उघडली कीं काम भागतें.

ह्या भाषेंतील ‘जर’ म्हणजे ‘इफ’, आणि ‘अन्यथा’ म्हणजे ‘एल्स’. ‘तर’ ह्या अर्थाचा स्वतंत्र शब्द तिच्यांत नाहीं. त्याचें काम महिरपी कंस करतो. (मराठींत ‘तर’ म्हणजे पैलतीरास नेणारी होडीही, करंजाच्या वाचकांस हें सांगावयास नकोच.) यंत्रावर हे शब्द आणि आंकडे इंग्रजी लिपींत लिहावे लागतात, येथें वाचनाच्या सोयीसाठीं ते देवनागरींत छापले आहेत.

इफ (पाणी >= २) {
    लिही("होडी सुटेल");
} एल्स {
    लिही("थांबावें लागेल");
}

‘पाणी’ हें आपण एका राशीस दिलेलें नांव. तिच्यांत धक्क्याजवळच्या पाण्याची खोली मीटरांत ठेविली आहे, असें समजावें. अशीं नांवें यंत्रावरही खुशाल देवनागरींत ठेवतां येतात, ही गोष्ट शिकवणाऱ्या पुस्तकांतून बहुधा सांगत नाहींत. ‘लिही’ ही पानावर मजकूर उमटविणारी, आपणच तयार केलेली आज्ञा. साध्या कंसांत अट; पहिल्या महिरपी कंसांत अट खरी ठरल्यास करावयाचें काम; दुसऱ्यांत खोटी ठरल्यास करावयाचें. दोन मीटर हा आंकडा केवळ उदाहरणापुरता घेतला आहे. त्याच्या भरंवशावर कोणीं धक्क्यावर जाऊं नये.

कंसांतील अटीचें उत्तर दोनच प्रकारचें असूं शकतें: खरें किंवा खोटें. “बहुतेक”, “पाहूं”, “विचारून सांगतों” ह्या आपल्या नित्याच्या उत्तरांस तेथें थारा नाहीं. तर्काला असें दोन आंकड्यांच्या गणितांत बसविण्याचें श्रेय जॉर्ज बूल ह्या इंग्रज गणितज्ञास देतात. त्याचा मुख्य ग्रंथ १८५४ सालीं प्रसिद्ध झाला. ह्या बूलची पत्नी मेरी ही हिंदुस्थानच्या मोजणीखात्याचे प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट ह्यांची पुतणी, म्हणजे ज्यांचें नांव आपल्या हिमालयाच्या शिखरास चिकटलें त्यांची. तीही गणित शिकविण्याच्या पद्धतीवर लिहीत असे.

आतां नवशिक्याची पहिली ठेंच. “पाणी दोन मीटर आहे काय?” असें विचारावयाचें असतां पुष्कळजण कंसांत एकच बरोबरीचें चिन्ह घालतात. परंतु ह्या भाषेंत एकेरी चिन्ह हा प्रश्न नसून हुकूम आहे. “तूं शहाणा आहेस काय?” आणि “तूं शहाणा हो!” ह्यांत जेवढें अंतर तेवढेंच येथें. एकेरी चिन्ह घातलें कीं यंत्र पाण्याची खोली मुकाट्यानें दोन करून टाकतें, आणि दोन ही शून्येतर संख्या असल्यामुळें अट खरी झाली असें मानतें. मग खाडींत नुसता चिखल असला तरी पान म्हणत राहतें, “होडी सुटेल.” विचारावयाचें असेल तेव्हां तिहेरी बरोबरी (===) लिहावी. दुहेरीही चालते, पण ती आंकडा आणि अक्षर ह्यांत भेद न पाळतां स्वतःच रूपांतर करून बसते, म्हणून जाणते लोक तिला दूर ठेवतात.

शून्याचीही एक गंमत आहे. अटीच्या जागीं नुसती राशीच लिहिली, म्हणजे ‘इफ (पाणी)’ एवढेंच, तर यंत्र शून्यास खोटें समजतें. “खोली माहीत असेल तर दाखवावी” अशा हेतूनें शिकाऊ मुलें असें लिहितात, आणि तें बरेच दिवस ठीक चालतें. पण भरती-ओहोटीच्या कोष्टकांत खोली ज्या पातळीपासून मोजतात, तेथपर्यंत मोठ्या उधाणाच्या ओहोटीस पाणी खरोखरीच उतरतें, आणि नेमकें ज्या दिवशीं शून्य हा आंकडा कळणें सर्वांत अगत्याचें, त्याच दिवशीं पान म्हणतें, “माहिती उपलब्ध नाहीं.” शून्य म्हणजे कांहींच माहीत नसणें नव्हे, हें ज्या देशानें जगास शिकविलें म्हणतात, त्या देशांतल्या मुलांनीं तरी ही चूक करूं नये.

दोन अटी जोडावयाच्या तर ‘आणि’साठीं ‘&&’ हें चिन्ह, ‘किंवा’साठीं ‘||’, आणि ‘नाहीं’साठीं उद्गारचिन्ह. ह्यांत फारसें अवघड कांहीं नाहीं. एवढेंच ध्यानांत असावें कीं, “चहा घेणार किंवा कॉफी?” ह्यांतला आपला ‘किंवा’ दोहोंतून एकच देतो, यंत्राच्या ‘किंवा’स दोन्ही अटी खऱ्या असल्या तरी चालतें. तसेंच “भरती आहे आणि उजेड आहे” ह्याच्या उलट “भरती नाहीं आणि उजेड नाहीं” असें नसून “भरती नाहीं किंवा उजेड नाहीं” असें होतें. हा नियम ज्याच्या नांवानें ओळखला जातो तो ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ सालीं मदुरेस जन्मला होता.

दोहोंहून अधिक वाटा असतील तेव्हां ‘एल्स इफ’ घालून पायऱ्यापायऱ्यांची शिडी करतात. करंजासारख्या बंदरांत तिचें उदाहरण शोधावयास लांब जावें लागत नाहीं. पावसाळ्यांत समुद्र खवळलेला असतो आणि माशांच्या विणीचाही तो काळ. म्हणून राज्य सरकार यांत्रिक होड्यांस मासेमारीची बंदी करतें. २०२४ सालीं ती १ जून ते ३१ जुलै अशी एकसष्ट दिवस होती. यंत्रावांचून वल्ह्याशिडावर चालणाऱ्या छोट्या होड्यांस ही बंदी लागू होत नाहीं. बंदी मोडणारास १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखालीं दंड होतो. आतां “आज जाळीं घेऊन जावें कीं न जावें?” ह्याचें उत्तर देणारें पान करावयाचें आहे असें समजूं.

इफ (!यांत्रिक) {
    लिही("बंदी लागू नाहीं; हवा पाहून जावें");
} एल्स इफ (महिना === ५ || महिना === ६) {
    लिही("बंदीचा काळ आहे");
} एल्स {
    लिही("बंदी नाहीं");
}

ह्या शिडींत पायऱ्यांचा क्रम हेंच सर्वस्व आहे. यंत्र वरून खालीं येतें आणि पहिली खरी अट सांपडतांच तेथील काम करून बाहेर पडतें. खालच्या पायऱ्या तें वाचीतही नाहीं. महिन्याची अट जर वर घातली, तर जूनमध्यें वल्ह्याच्या डोंगीवाल्यासही “बंदी आहे” असेंच उत्तर मिळेल, आणि त्याच्यासाठीं मुद्दाम लिहिलेली ओळ खालीं तशीच पडून राहील. संस्कृत व्याकरण पढलेल्या वाचकांस येथें पाणिनीची आठवण होईल. अष्टाध्यायींत दोन तुल्यबल सूत्रांचा विरोध आला असतां पुढचें सूत्र बलवान्, असा परंपरेनें केलेला अर्थ आहे. आणि अपवाद तर कोठेंही असला तरी उत्सर्गास बाजूस सारतो. यंत्राचा न्याय उलटा: जें आधीं तें बलवान्. त्याला उत्सर्ग-अपवाद हा विवेक नाहीं; तो लिहिणारानें क्रमांत उतरवावा लागतो. म्हणून अपवाद वर, सामान्य नियम खालीं, हा पाठ मुलांकडून घोटून घ्यावा.

जून-जुलैच्या जागीं ५ आणि ६ हे आंकडे पाहून कित्येकांस मुद्रणदोषाचा संशय आला असेल. तो मुद्रणदोष नव्हे. जावास्क्रिप्टला आजचा महिना विचारला असतां ती जानेवारीस शून्य म्हणते आणि डिसेंबरास अकरा. दिनांक मात्र ती आपल्याप्रमाणेंच एकापासून मोजते, आणि वर्षही सरळ सांगते. महिन्यापुरतीच ही तऱ्हा. जावा नांवाच्या दुसऱ्या एका भाषेंतील तारखेचा सांचा घाईघाईनें उचलला, त्याबरोबर ही खोडही आली. ती आतां काढतां येत नाहीं, कारण तिच्या भरंवशावर जगांतील असंख्य पानें उभीं आहेत.

ही खोड ठाऊक नसलेल्या मुलानें ६ आणि ७ लिहिले, असें क्षणभर धरा. पान बिनतक्रार चालेल. कोठेंही लाल अक्षरांत चूक दाखविली जाणार नाहीं. फक्त तें बंदीचा काळ जुलै-ऑगस्ट समजेल. सबंध जून महिना तें यांत्रिक होडीवाल्यांस “बंदी नाहीं” म्हणून सांगेल, ऐन तुफानाच्या दिवसांत. आणि ऑगस्टांत, नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ देऊन माणसें होड्या पाण्यांत लोटावयास उतावीळ झालेलीं असतां, त्यांस घरीं बसवील. चुकीची आज्ञावली बंद पडली तर बरें; ती सुरळीत चालते तेव्हांच तिचें भय अधिक.

आतां आत्याबाईंची हकीकत.

आमच्या कुटुंबांत लहानमोठीं मिळून तीसेक माणसें दर्शनास निघतात, आणि तीं निरनिराळ्या गांवांहून येतात. कोण कोणत्या होडीनें येणार, कोणास उपवासाचें लागतें, कोणास धक्क्यापासून देवळापर्यंत रिक्षा हवी, हें सर्व फोनवर विचारतां विचारतां घरांतल्या बायकांचा जीव मेटाकुटीस येई. माझी पुतणी शाळेंत हीच विद्या शिकते. तिच्या हाताखालीं मी महिनाभर धडे घेतले आणि एक पान तयार केलें. त्यांत नांव आणि वय लिहावयाचें, साठ किंवा अधिक वय असेल तर “आपणांसाठीं धक्क्यावर रिक्षा उभी राहील” असा निरोप उमटावयाचा, अन्यथा “आपण देवळापर्यंत चालत यावें.” घरांतल्या सर्वांनीं तें करून पाहिलें. माझ्या वडील बंधूंस रिक्षा मिळाली, मुलांस चालावयास सांगण्यांत आलें. सर्वत्र वाहवा झाली.

ठरल्या दिवशीं आम्ही देवळांत पोंचलों; पाहतों तों आत्याबाई, वय अठ्ठ्याहत्तर, पदरानें घाम टिपीत पायऱ्यांशीं टेकलेल्या. बरोबरचा नातू पाण्यासाठीं धांवत होता. मीं घाबरून विचारलें, “आत्या, रिक्षा नाहीं का मिळाली?” तेव्हां त्या म्हणाल्या, “अरे, तुझ्या यंत्रानें मला चालत यायला सांगितलें होतें. म्हटलें, देवीच्या वाटेचें आहे, कांहीं कारण असेल.” आणि मोबाइल काढून त्यांनीं मला तो निरोप दाखविला. त्यांत लबाडी नव्हती. त्यांनीं वय लिहिलें होतें, बरोबर लिहिलें होतें, आणि पानानें त्यांस “आपण देवळापर्यंत चालत यावें” असेंच सांगितलें होतें.

घरीं आल्यावर पुतणीनें दोन मिनिटांत चोर पकडला. “काका, आजींनीं मराठी आंकडे लिहिलेत.” आम्हां बाकीच्यांचे मोबाइल इंग्रजी आंकड्यांचे, आत्याबाईंचा सारा कारभार मराठी कळफलकावर. वयासाठीं मीं साधी मजकुराची चौकट ठेविली होती. तिच्यांत जें लिहिलें जातें तें यंत्रास आधीं अक्षर म्हणूनच मिळतें, आणि आंकड्याशीं तुलना करावयाची वेळ आली कीं तें त्याची संख्या करावयास जातें. इंग्रजी आंकडे असले तर संख्या होते. देवनागरी आंकडे त्यास कळत नाहींत. नांवें मराठींत ठेवावयास मोकळीक देणारी ही भाषा आंकडा मात्र मराठींतला ओळखीत नाहीं, हें मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतें.

न कळलेल्या आंकड्याचें यंत्र काय करतें, हें पाहण्यासारखें आहे. तें ओरडत नाहीं, थांबत नाहीं. तें त्या जागीं ‘नॅन’ नांवाची एक खूण ठेवतें. तिचा अर्थ ‘ही संख्या नव्हे’. ह्या नॅनचा स्वभाव असा कीं, तिच्याशीं केलेली लहानमोठेपणाची वा बरोबरीची कोणतीही तुलना खोटीच ठरते. आत्याबाईंचें वय साठ किंवा अधिक आहे काय? खोटें. साठांहून कमी आहे काय? तेंही खोटें. फार काय, नॅन ही स्वतःशींसुद्धां बरोबर नसते. जिचें वय साठांच्या वरही नाहीं आणि खालींही नाहीं अशी आत्या तर्कशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकांत सांपडणार नाहीं. पण माझ्या आज्ञावलींत ती होती, आणि अट खोटी ठरल्यामुळें यंत्रानें तिला सरळ ‘अन्यथा’च्या दारांतून बाहेर काढलें.

मीं ‘अन्यथा’ लिहिलें तेव्हां माझ्या मनांत तरुण माणसें होतीं. यंत्रास तरुण माणसें ठाऊक नव्हतीं. त्याच्या लेखीं ‘अन्यथा’ म्हणजे “अट खरी न ठरलेलीं सर्व”, आणि त्या सर्वांत तरुण येतात, ज्यांचें वय वाचतां आलें नाहीं तीं येतात, आणि ज्यांनीं चौकट रिकामीच ठेविली तींही येतात. रिकाम्या चौकटीची तर आणखीच मौज: तिची संख्या शून्य होते. म्हणजे वय लिहावयास विसरलेल्या आजोबांस पान नुकतें जन्मलेलें मूल समजतें, आणि तरीही चालत यावयास सांगतें.

आमच्या घरांत ह्यावर हंशा झाला आणि आत्याबाईंच्या पायांस तेल लावून प्रकरण मिटलें. पण अशीच अट एखाद्या पेन्शनाच्या, शिष्यवृत्तीच्या किंवा दवाखान्याच्या पानावर असली, आणि पलीकडच्या टोंकास एकटी म्हातारी बाई मराठी कळफलकावर आपलें खरें वय लिहून बसली असली, तर “आपण पात्र नाहीं” हा निरोप वाचून ती निमूटपणें मोबाइल मिटील. यंत्रास आपलें लिहिणें समजलें नाहीं, हें तिला कळावयास वाटच नाहीं. कारण समजलें नाहीं असें म्हणण्याची सोयच पान लिहिणारानें ठेविलेली नसते. नकार आणि अज्ञान ह्यांस एकच दार, हा खरा दोष. तो यंत्राच्या माथीं मारतां येत नाहीं.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. पुतणीनें प्रथम देवनागरी आंकड्यांचे इंग्रजी आंकडे करून घेणारी एक ओळ घातली. दहाच आंकडे, आणि संगणकाच्या वर्णमालेंत ते ओळीनें मांडलेले असल्यामुळें हें काम सोपें असतें. मग रूपांतर केल्यावर खरोखर संख्या हातीं आली कीं नाहीं, आणि चौकट रिकामी तर नव्हती ना, हें तपासून त्याचें उत्तर ‘वयकळलें’ ह्या राशींत ठेविलें. शिडी अशी झाली:

इफ (!वयकळलें) {
    लिही("वय समजलें नाहीं. पुन्हां लिहावें किंवा घरीं फोन करावा.");
} एल्स इफ (वय >= ६०) {
    लिही("आपणांसाठीं धक्क्यावर रिक्षा उभी राहील.");
} एल्स {
    लिही("आपण देवळापर्यंत चालत यावें.");
}

आतां शेवटच्या ‘एल्स’मध्यें खरोखरीच साठांखालचीं माणसें उरतात. (वयाच्या जागीं कोणी उणे पांच लिहिलें तर काय, असा प्रश्न धाकट्या पुतण्यानें काढला. त्यास आम्हीं आणखी एक पायरी घालावयास बसविलें.)

अक्षर आणि संख्या ह्यांच्या गल्लतीचा एक धाकटा भाऊही सांगून ठेवतों. दोन चौकटींतले आंकडे परस्परांशीं ताडून पाहिले, तर दोन्ही बाजू अक्षरेंच असल्यामुळें यंत्र शब्दकोशाच्या क्रमानें तुलना करतें, आणि ‘९’ हें ‘१०’ हून मोठें ठरवितें. कारण पहिल्या अक्षरांत ९ हें १ च्या पुढचें. नऊ वर्षांच्या मुलास दहा वर्षांच्या बहिणीचा दादा करणारें हें गणित आहे. तुलनेपूर्वीं दोहोंची संख्या करून घेतली कीं संपलें.

ज्यांच्या घरीं मुलें हें शिकत असतील त्यांनीं एक गोष्ट जरूर करून पाहावी. पंचांग घ्यावें आणि अधिक मासाचा नियम मुलांस ‘जर-तर’मध्यें लिहावयास सांगावा. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत सूर्याची एकही संक्रांत झाली नाहीं, तर तो मास अधिक. एक झाली तर नेहमींचा. २०२३ सालीं अधिक श्रावण आला तो असाच, आणि २०२६ चा अधिक ज्येष्ठही असाच. बहुतेक मुलें येथें थांबतात: शून्य असेल तर अधिक, अन्यथा नेहमींचा. पण एकाच चांद्रमासांत दोन संक्रांती झाल्या तर तो क्षयमास होतो. शके १९०४, म्हणजे १९८२-८३ सालीं, तो आला होता. त्यानंतर आजतागायत आलेला नाहीं. दोनच वाटांची आज्ञावली त्या वर्षापासून आजपर्यंतच्या प्रत्येक मासाला बरोबर उत्तर देईल, आणि कोणास तिच्यांत उणें दिसणार नाहीं. मुलानें तिसरी पायरी आपण होऊन घातली, तर समजावें कीं त्यास हा विषय कळूं लागला आहे. न घातली तर आपण सांगूं नये. जुनें पंचांग त्याच्यापुढें ठेवावें.

ह्या खेपेचें दर्शन ठरलें तेव्हां पान पुन्हां सर्वांस पाठविलें. दुपारीं घरचा फोन वाजला. आत्याबाई बोलत होत्या. “अरे, तुझें यंत्र म्हणतें वय समजलें नाहीं, फोन करा.” पुतणीनें यादी उघडून पाहिली. मागच्या अनुभवानें शहाण्या होऊन आत्याबाईंनीं आंकड्यांचा नादच सोडला होता, आणि वयाच्या चौकटींत स्वच्छ अक्षरांत लिहिलें होतें: एकोणऐंशीं. रिक्षा सांगून ठेविली आहे.